दाण्यागणिक नोंद

चिचगडच्या बांधीत पिकलेल्या धानाचा तांदूळ कुठल्या बाजारात जाईल आणि त्याला काय भाव मिळेल, हे आता एकट्या शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या किंवा गिरणीमालकाच्या हाती राहिलेले नाही. त्यातला मोठा निवाडा एका कॅमेऱ्यासमोर, पापणी लवायच्या आत होऊन जातो. दाणा पांढरा की पिवळट, ठेवायचा की फुंकून बाजूला काढायचा, हे तिथे ठरते. गोंदियाकडच्या गिरण्यांत त्या यंत्राला सरसकट ‘सॉर्टेक्स’ म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचे असो. या पुस्तकाचा विषय आहे डिजिटल उत्पादन आणि त्याच्या बळावर स्पर्धेत टिकून राहणारे उद्योग. त्याची प्रस्तावना चाकणच्या मोटार कारखान्यांपासून सुरू करणे सोपे होते. मी ती धानपट्ट्यातून सुरू करतो आहे, कारण हे तंत्र खरोखर कुणाच्या उपयोगी पडते आणि कुठे अडते, हे तिथे जास्त स्पष्ट दिसते.

चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले गाव. इंग्रजी अमलात ती जुन्या भंडारा जिल्ह्यातली एक जमीनदारी होती. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि हा मुलूख त्याच्या आग्नेय टोकाला आला. पलीकडे छत्तीसगड, खाली गडचिरोलीचे कोरची, मध्ये जंगल. खरिपात धान, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, शिवाय थोडी लाख, यांवर इथल्या घरांचे वर्ष चालते. शेतीचे काम सरले की पुष्कळ तरुण नागपूर-हैदराबादची वाट धरतात. नक्षलग्रस्त म्हणून या भागाचा उल्लेख इतकी वर्षे होत आला की इथे माल तयार होतो, त्याची प्रत असते, त्याला बाजार असतो, ही साधी गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानातच येत नाही.

पण देवरीच्या राष्ट्रीय महामार्गावर, आमगाव-तिरोड्याकडे आणि खुद्द गोंदियाच्या आसपास जिल्ह्याचा खरा कारखाना पसरलेला आहे. तो एका छपराखाली नाही. शेकडो राइस मिल मिळून तो बनलेला आहे. गोंदियाला ‘राइस सिटी’ म्हणतात ते यामुळे. एका बाजूने धानाचे कट्टे आत जातात, दुसऱ्या बाजूने तांदूळ, कनकी (तुटका तांदूळ), कोंडा आणि तूस बाहेर पडतात. धान गावोगाव पिकते, मोल मात्र गिरणीत ठरते. म्हणून गिरणी मागे पडली तर त्याचा फटका मालकापुरता राहत नाही, बांधीपर्यंत पोहोचतो.

विकसनशील देशातल्या लहान कारखानदारापुढचा पेच जुनाच आहे. मजुरी त्या मानाने स्वस्त, कर्ज महाग, वीज बेभरवशाची, सुटा भाग दूरच्या शहरातून यायचा. गिऱ्हाईक मात्र त्याच्या अडचणी ऐकून घेत नाही. आफ्रिकेतला आयातदार थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तान आणि भारत या चौघांचे नमुने एकाच टेबलावर मांडून बघतो. स्वस्त मजुरी ही अशा देशांची मोठी जमेची बाजू समजली जाई, ती यंत्रे हुशार झाल्यावर पातळ होत चालली. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी हा धोका दाखवून दिला आहे: आजचे गरीब देश उद्योगांनी पुरते बाळसे धरण्याआधीच त्यातून बाहेर फेकले जात आहेत. जागतिक बँकेच्या २०१७ मधल्या उत्पादन क्षेत्रावरच्या अहवालातही हीच चिंता आहे. मला हा इशारा गंभीर वाटतो. मात्र त्यावरून ‘यंत्र आले की गरीब देशाचा कारखाना संपला’ असा अर्थ काढणे चुकीचे आहे, आणि धानपट्ट्यातल्या गिरण्या हा त्याचा पुरावा आहे.

डिजिटल उत्पादन या नावाखाली आज पुष्कळ गोष्टी एकत्र बांधल्या जातात. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे कातकामाचे यंत्र अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५२ साली चालवून दाखवले गेले, त्यातून पुढे सीएनसी आले. १९६९ च्या सुमारास मोटार कारखान्यांसाठी पीएलसी हा छोटा औद्योगिक संगणक तयार झाला आणि रिलेंनी भरलेली कपाटे हळूहळू रिकामी झाली. मग सेन्सर स्वस्त झाले, ते इंटरनेटला जोडले गेले, थ्रीडी प्रिंटिंग आले, यंत्राची संगणकातली प्रतिकृती बनवून आधी तिच्यावर प्रयोग करायची पद्धत आली. २०११ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात या सगळ्याला ‘इंडस्ट्री ४.०’ असे नाव मिळाले. आपल्याकडे पुण्यात सीफोरआयफोर लॅब उभी राहिली, केंद्राची ‘समर्थ उद्योग’ योजना आली, आणि बजाज ऑटोने चाकणला २०१० पासूनच माणसाशेजारी काम करणारे छोटे यंत्रमानव बसवायला घेतले होते.

या यादीतले निम्मे शब्द देवरीच्या गिरणीत कुणी उच्चारत नाही. तरी पीएलसी तिथे आहे, सेन्सर आहे, कॅमेरा आहे, आणि कॅमेऱ्यामागे निर्णय घेणारा संगणक आहे. ते आले कुठून, हे समजायला गिरणीच्या आत जावे लागेल.

धानाची भरडाई घरोघरी उखळ-मुसळाने होत असे. मग हलर आले. ब्राझीलमध्ये एंगेलबर्ग यांनी १८८५ साली काढलेल्या यंत्राचे ते वंशज. आजही खेड्यात घरापुरते धान भरडून देणारा हलर दिसतो. तो तूस आणि कोंडा एकाच झटक्यात काढतो आणि त्यात दाणा फार मोडतो. आधुनिक गिरणीत तेच काम टप्प्याटप्प्याने होते: आधी काडीकचरा आणि खडे काढायचे, रबर रोलने तूस सोडवायचे, न सोललेले धान वेगळे करून परत पाठवायचे, मग दाणा घासून पांढरा करायचा, पॉलिश करायचा, अख्खा आणि तुटका वेगळा करायचा. देशात दीर्घकाळ १९५८ चा राइस मिल नियमन कायदा होता. गिरणी काढायला, वाढवायला परवाना लागे, आणि हातसडीच्या धंद्याला संरक्षण देणे हाही त्याचा हेतू होता. १९९७ मध्ये तो रद्द झाला. त्यानंतर गिरण्यांत जी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात टिकायचा एक मार्ग प्रतीतून जात होता.

रंग पाहून दाणा वेगळा करायची कल्पना तशी जुनी. लंडनची गन्सन्स सॉर्टेक्स ही कंपनी १९४७ पासून प्रकाशावर चालणारी निवड-यंत्रे बनवत होती. १९९३ मध्ये ती स्वित्झर्लंडच्या ब्यूलरकडे गेली. जपानमध्ये साताके ही १८९६ पासूनची भातगिरणीच्या यंत्रांची कंपनी याच कामात उतरली. त्यांची यंत्रे उत्तम होती, पण मध्यम गिरणीमालकाच्या आवाक्याबाहेरची. चीनमधल्या हेफेई शहरात आणि आपल्याकडे कोइमतूरला अशी यंत्रे बनू लागली तेव्हा चित्र बदलले. दूरच्या प्रगत देशातले तंत्र आपल्यासारख्याच दुसऱ्या विकसनशील देशातून, कमी किमतीत, आपल्या वापराला जुळवून इथे आले. डिजिटल तंत्राच्या प्रसाराचा हा मार्ग पुस्तकांत क्वचितच मांडलेला असतो, आणि माझ्या मते लहान उद्योगांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आता हे यंत्र जरा जवळून बघू. वर हॉपर, त्याखाली थरथरणारी पट्टी. तिच्यावरून तांदूळ पातळ थराने तिरप्या पन्हाळींवर उतरतो आणि दाणे जवळजवळ एकामागे एक घसरत खाली येतात. पन्हाळ संपते तिथे दाणा क्षणभर हवेत मोकळा असतो. पुढून-मागून एलईडीचा प्रकाश आणि कॅमेरे. कॅमेरा रंग टिपतो, संगणक तो ठरवलेल्या मर्यादेशी ताडून बघतो, आणि दाणा नको असला तर थोडे खाली असलेली हवेची बारीक झडप नेमक्या क्षणी उघडते. दाबाखालच्या हवेचा फटका बसून तो एकच दाणा मार्ग सोडतो आणि वेगळ्या खान्यात पडतो. एका किलोत तांदळाचे पन्नास हजारांच्या आसपास दाणे असतात. तासाला चार टन माल चालवणारे यंत्र म्हणजे तासाला वीस कोटी दाण्यांकडे बघते. कितीही सुपे आणि कितीही हात लावले तरी हे होणे नाही.

पण यंत्र घेतले म्हणजे काम झाले, असे होत नाही. मर्यादा फार कडक ठेवली तर खराब दाण्याबरोबर चांगलाही उडतो आणि मालकाचे पैसे रिजेक्टच्या पोत्यात जातात. सैल ठेवली तर गिऱ्हाईक माल परत करते. रिजेक्ट पुन्हा यंत्रातून फिरवून त्यातला चांगला दाणा किती परत काढायचा, हेही ठरवावे लागते. हवेत ओलावा किंवा तेल असले तर झडपा अडखळतात, म्हणून कॉम्प्रेसर, ड्रायर आणि फिल्टर यांची निगा राखण्याला यंत्राइतकेच महत्त्व असते. काचेवर कोंड्याची धूळ बसली की कॅमेऱ्याला सगळेच दाणे पिवळट दिसतात. हे सगळे सांभाळणारा माणूस म्हणजे गिरणीचा मिस्त्री. त्याला आधी आवाजावरून रबर रोल झिजल्याचे कळायचे, तळहातावर तांदूळ घेऊन तो किती तापला आहे यावरून पॉलिशरचा दाब कमी-जास्त करायचा. आता त्याच्यासमोर पडदा आहे. त्याचे जुने ज्ञान वाया गेले, असे मी मानत नाही. उलट पडद्यावरचा आकडा कशाचा परिणाम आहे, हे त्यालाच सर्वांत लवकर उमगते. ज्या गिरण्यांनी नव्या यंत्राबरोबर जुन्या मिस्त्रीलाही शिकवले, त्यांनाच यंत्राचे पैसे लवकर वसूल करता येतात.

स्पर्धेत टिकणे म्हणजे नेमके काय, हे आकड्यांत बघू. सरकारने खरेदी केलेल्या धानाच्या भरडाईत शंभर किलो धानामागे कच्चा तांदूळ असेल तर ६७ किलो आणि उकडा असेल तर ६८ किलो परत द्यावा लागतो. हा उतारा बसत नाही, विशेषतः बारीक वाणाचा, ही पूर्व विदर्भातल्या गिरणीमालकांची जुनी तक्रार. केंद्राचा भरडाईचा मूळ दर कच्च्या तांदळाला क्विंटलमागे १० रुपये, राज्य त्यावर आपली भर घालते. सरकारच्या प्रतमानकात कच्च्या तांदळात तुकडा २५ टक्क्यांपर्यंत, डॅमेज दाणा ३ टक्के, डिस्कलर ३ टक्के, ओलावा १४ टक्के अशा मर्यादा आहेत. लॉट गोदामात गेला आणि नमुना नापास झाला, की वाहतूक, हमाली आणि फेरसफाई यांचा खर्च गिरणीच्या अंगावर. अशा धंद्यात नफा टक्क्या-अर्ध्या टक्क्यात दडलेला असतो. समजा एखादी गिरणी वर्षाला वीस हजार क्विंटल धान भरडते आणि तिचा उतारा एका टक्क्याने सुधारला. दोनशे क्विंटल तांदूळ हाती येईल. किलोला ३० रुपये धरले तर ते सहा लाख होतात. मोटारीच्या अँपिअरवर लक्ष ठेवून दाब आपोआप सांभाळणारे व्हाइटनर, धानाची ओल अचूक सांगणारे मीटर, बेअरिंग तापायच्या आत सूचना देणारा सेन्सर, या सगळ्यांची गरज गिरणीला का भासते, ते या हिशेबातून कळते.

बाजार आणि सरकार या दोघांनी गिरण्यांना अधूनमधून असे धक्के दिले की ज्यांच्या यंत्रणेत लवचिकता होती तेच सावरले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी रेशनचा तांदूळ पोषणमूल्य घालून देण्याची घोषणा केली. त्यासाठी लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ असलेले, तांदळाच्या पिठापासून यंत्रात दाण्यासारखे घडवलेले कण साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळायचे होते. शंभराला एक म्हणायला सोपे, पण प्रत्येक पोत्यात तेच प्रमाण राखायचे तर फावडे उपयोगी पडत नाही. तांदळाचा प्रवाह मोजून त्याच मापात कण सोडणारा, पीएलसीवर चालणारा ब्लेंडर बसवावा लागला. ज्या गिरणीत आधीपासून वजनकाटे आणि प्रवाह मोजायची सवय होती, तिला हे दोन आठवड्यांचे काम होते. जिथे सगळे अंदाजाने चालायचे, तिथे नमुने परत येत राहिले.

निर्यातीचे तसेच. ९ सप्टेंबर २०२२ ला कनकीची निर्यात बंद झाली. २० जुलै २०२३ ला बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची बंद झाली, पुढच्या महिन्यात उकड्यावर २० टक्के शुल्क बसले. २०२४ च्या सप्टेंबरअखेर पांढऱ्याचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. जगातल्या तांदळाच्या व्यापारात सुमारे ४० टक्के वाटा असलेल्या देशात अशी दारे उघडझाप झाली की भाव हलतात आणि गिऱ्हाईक बदलतात. पाच टक्के तुकड्याचा, पूर्ण सॉर्टेक्स केलेला उकडा तांदूळ ही आफ्रिकेच्या बाजाराची नेहमीची मागणी. आज सरकारी भरडाई, उद्या निर्यातीचा माल, परवा नागपूरच्या दुकानासाठी पाच किलोची पिशवी, असे यंत्राची मांडणी बदलत काम करता येणे, हे डिजिटल नियंत्रणाचे मोठे देणे आहे. जुन्या गिरणीत असा बदल म्हणजे दिवसभर चाळण्या आणि पट्टे बदलणे. नव्या यंत्रात प्रत्येक मालाची मांडणी नावाने साठवून ठेवता येते आणि पुढच्या वेळी तीच उघडता येते.

या पुस्तकात वारंवार येणारा विचार इथे आधीच सांगून ठेवतो. डिजिटल यंत्रातून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट वेग नाही, नोंद आहे. काम घडते त्याच क्षणी, माणसाच्या सवडीवर न अवलंबता लिहिली जाणारी नोंद. कुठल्या लॉटमध्ये किती डिस्कलर निघाले, कुठल्या गावाच्या धानात ओल जास्त होती, किती युनिट वीज जळली, कुठल्या पाळीत रिजेक्ट वाढले, हे सगळे यंत्रात पडून असते. ते वाचणारी आणि वाचून दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलणारी गिरणी पुढे जाते. न वाचणाऱ्या गिरणीसाठी तेच यंत्र एक महाग चाळणी ठरते.

याला भक्कम आधार महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या एका प्रयोगाचा आहे. २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. काही कारखान्यांना बाहेरचे सल्लागार देऊन अगदी साध्या गोष्टी करायला लावल्या: माग किती वेळ बंद पडतो हे लिहा, कापडातले दोष प्रकारानुसार मोजा, सुताचा साठा नोंदवा, रोज सकाळी त्या आकड्यांवर बसून बोला. एकाही नव्या यंत्राशिवाय पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा रुजवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटून गेल्या होत्या. व्यवस्थापक नोकरी सोडून गेले होते आणि मालकांना वेळ नव्हता. मला या दुसऱ्या भागात धानपट्ट्यासाठी जास्त धडा दिसतो. सेन्सरला लिहायला सवड लागत नाही, तो नोकरी सोडत नाही. पण वाचायला कुणीतरी बसावेच लागते, आणि त्या माणसाला टिकवून ठेवणे हे यंत्र टिकवण्याहून अवघड आहे.

तो माणूस कुठून येणार? यंत्र विकणारी कंपनी सुरुवातीला आपला माणूस पाठवते. वर्षभरात वॉरंटी संपते आणि ऐन हंगामात एखादे सर्किट कार्ड गेले तर शहरातून तंत्रज्ञ येईपर्यंत गिरणी थांबते. धान उघड्या आवारात, मजूर बसून, व्याज चालू. सुट्या भागाचे काम आता काही अंशी सोपे झाले आहे. तुटलेला दाता किंवा खोबण असलेला भाग मोजून नागपूरच्या सीएनसी वर्कशॉपमधून करून घेता येतो, प्लास्टिकचा लहान तुकडा थ्रीडी प्रिंटरवर छापता येतो. दुरुस्ती शिकलेला माणूस मात्र छापता येत नाही. देवरीहून त्याच महामार्गाने पूर्वेला गेले की दुर्गला केंद्र सरकारचे एमएसएमई टेक्नॉलॉजी सेंटर आहे. दक्षिणेला गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठात टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने प्रशिक्षणाचे केंद्र उभे राहिले आहे. आयटीआय तालुक्याला आहे. चिचगड-ककोडी भागातल्या मुलांना या ठिकाणी पीएलसी, न्यूमॅटिक्स आणि कॅमेऱ्याची देखभाल असा सहा महिन्यांचा, थेट राइस मिलसाठी आखलेला अभ्यासक्रम मिळाला, तर त्यांना हैदराबाद गाठावे लागणार नाही. बी-टेक झालेल्या अभियंत्याची इथे तितकी गरज नाही. झडप उघडून साफ करून परत बसवता येणारा आणि पडद्यावरचा आलेख वाचता येणारा तरुण हवा आहे.

कामे गेलीही आहेत, आणि त्याबद्दल गप्प राहणे बरोबर होणार नाही. उकड्या तांदळाच्या गिरण्यांत ओले धान फरशीवर पसरून पायांनी उलथत राहणाऱ्या रेजा, बसून खडे आणि काळे दाणे निवडणाऱ्या बायका, यांची जागा ड्रायरने आणि सॉर्टेक्सने घेतली. उन्हातान्हातले, पाठ मोडणारे ते काम होते, पण घरात रोख पैसा आणणारेही तेच होते. नव्या यंत्राभोवती जी कामे आली ती बहुतेक पुरुषांना मिळाली. हे आपोआप झालेले नाही. नमुना तपासणे, लॉटची नोंद ठेवणे, पिशव्या भरणे, पडद्यावर लक्ष ठेवणे यांतल्या कशालाच अंगमेहनत लागत नाही. निवडणाऱ्या बाईची नजर दाण्यावर बसलेली असते. तिला नमुना-टेबलावर बसवायला गिरणीमालकाने फक्त ठरवायचे आहे. स्पर्धाक्षमतेच्या पुस्तकात हा विषय का, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर असे की प्रशिक्षित माणसे जिथे टिकत नाहीत तिथे यंत्रेही टिकत नाहीत, आणि गावातल्या बायका गाव सोडून जाण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

आता चिचगडकडे परत बघू. देवरीसारख्या आदिवासी तालुक्यांत हमीभावाची खरेदी आदिवासी विकास महामंडळाकडून, गावोगावच्या आदिवासी संस्थांमार्फत होते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. सीमेपलीकडे छत्तीसगड सरकार ३,१०० रुपये देत होते, आणि तिथे खरेदीचे संगणकीकरण २००७-०८ पासूनच झालेले आहे. महाराष्ट्राने क्विंटलमागे बोनस देण्याऐवजी हेक्टरी मदतीचा रस्ता धरला. शेतकऱ्याने ऑनलाइन नोंदणी करायची, सातबारा जोडायचा, ई-पीक पाहणी करायची. २०२१ पासून आलेल्या या ई-पीक पाहणीला बांधीत उभे राहून मोबाइलवर फोटो काढावा लागतो आणि जंगलाकडच्या गावांत नेटवर्क मिळत नाही, ही व्यथा इथल्या कुणालाही विचारा. म्हणजे शेतकऱ्याकडून डिजिटल नोंद मागितली जाते, पण त्याच्या धानाची पुढे गिरणीत झालेली नोंद त्याच्यापर्यंत परत येत नाही. त्याचे धान किती तुटले, किती डिस्कलर निघाले, कुठल्या वाणाचा उतारा चांगला बसला, हे त्याला कळले तर पुढच्या हंगामात तो वेगळे बियाणे घेईल, कापणी चार दिवस अलीकडे-पलीकडे करेल. ही माहिती यंत्रात आहे. तिची मालकी कुणाची, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारलेलाच नाही, आणि या पुस्तकाने तो विचारावा अशी माझी इच्छा आहे.

वाणाचा उल्लेख आलाच आहे तर दोन नावे घेतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या ओळखून एचएमटी वाण निवडले. ते बारीक धान विदर्भाबाहेर दूरवर गेले, पण त्यांना त्याचा आर्थिक लाभ मिळाला नाही. २०१८ मध्ये ते गेले. त्यांची ती नजर हीच या प्रदेशाची खरी पुंजी आहे, आणि तिची नोंद ठेवणारी व्यवस्था नव्हती. दुसरे, भंडारा चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कॅमेरा रंग ओळखतो, सुवास ओळखत नाही. चिन्नोर म्हणून विकला जाणारा तांदूळ चिन्नोरच आहे, हे सिद्ध करायचे तर बांधीपासून पिशवीपर्यंत लॉट वेगळा राखावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर लिहावा लागतो. पिशवीवर क्यूआर कोड छापणे हे त्यातले शेवटचे आणि सर्वांत सोपे काम.

प्रत्येक गावाने सॉर्टेक्स घ्यावे, असे मी म्हणणार नाही. ते यंत्र सतत मालावर चालले तरच परवडते आणि त्याला स्थिर दाबाची थ्री फेज वीज लागते. चिचगडसारख्या ठिकाणी आधी शोभेल ते लहान केंद्र: नेमका काटा, ओल मोजायचे मीटर, तुसावर चालणारा ड्रायर, एक छोटा नमुना-हलर आणि त्या नमुन्याचा फोटो काढून तुकडा-डाग मोजणारा साधा स्कॅनर. असे स्कॅनर सॉर्टेक्सच्या किमतीच्या मानाने फार थोडक्यात मिळतात. केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान २०२० पासून मिळू लागले, आणि बचतगट व शेतकरी गटांनाही त्यात जागा ठेवली गेली. हेच केंद्र उन्हाळ्यात मोहफुलाची ओल तपासून त्याची प्रतवारी करू शकते. कोरडा, स्वच्छ मोह आणि ओला, बुरशी धरलेला मोह एकाच भावाने विकला जातो, हे इथल्या जंगलाकाठच्या प्रत्येक घराचे नुकसान आहे.

पुढच्या प्रकरणांत इतर धंदेही येतील: वाळूजचे सुट्या भागांचे कारखाने, इचलकरंजीचे माग, कोल्हापूरच्या ओतशाळा. क्रम मात्र मुद्दाम असा लावला आहे की सुरुवात वाळवणीपासून व्हावी. कापलेल्या धानाचा कडपा दिवसा उन्हात तापतो, रात्री दव पिऊन परत ओला होतो, आणि या ताणाने दाण्याच्या पोटात बारीक भेग जाते. तूस निघेपर्यंत ती कुणाला दिसत नाही. पॉलिशरमध्ये दाणा दोन तुकडे होतो तेव्हा दोष यंत्राला दिला जातो. ही भेग कशी पडते, ओल कुठल्या दिवशी किती असावी आणि साध्या मीटरने ती बांधावरच कशी मोजता येते, हे पहिल्या प्रकरणात आहे.